एकही खाडाखोड नाही

आये,

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचता वाचता मी मधल्या दोन ओळी गाळल्या असत्या तर तुला ते कळलंही नसतं. म्हणून बरं आहे, की आता वाचून दाखवायचं नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला आधी तुझं खोकणं आठवावं लागतं, मग त्याच्यामागून आवाज येतो. आज सकाळी बोईसरला गेले होते, नात्यातल्या एका भाचीकडे. रिक्षावाल्यानं कुंभवलीच्या बाजूनं नेलं. तिथं आता नुसते कारखाने आणि ट्रक. ज्या माळावर आपण दोघी उभ्या होतो तो माळ कुठला, हे मला ओळखू आलं नाही. घरी आले, जेवण केलं नाही, आणि कागद घेऊन बसले.

बाबांची होडी परत आली नाही तेव्हा मी सात वर्षांची होते. दातिवऱ्याच्या घरात बायका रडायला आल्या होत्या, ते मला नीट आठवतं, कारण त्या रडून झाल्यावर उठल्या नाहीत. बसून राहिल्या. मग सगळ्यांत वयस्कर होती ती म्हणाली, "माझी आळीतली चार घरं तुला. उद्यापासून मी तिथं पाय ठेवणार नाय." दुसरी म्हणाली, "माझ्याकडची तीन घे." अशी एकेकीनं आपापल्या फेरीतली घरं तुझ्या पदरात टाकली. सुकी मासळी विकणाऱ्या बाईची फेरी म्हणजे तिची शेती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटलं, खरीच घरं दिली. मी तुला विचारलं, मग आपण कुठल्या घरात राहायचं? तू एवढ्या दुःखात हसलीस आणि नंतर कितीतरी वर्षं तो किस्सा सांगून मला चिडवत राहिलीस. पण आपल्या बायकांची ही रीत होती. कुणी उघडी पडली की तिला मूठभर तांदूळ द्यायचे नाहीत, घरं द्यायची. तांदूळ संध्याकाळपर्यंत पुरतो, गिऱ्हाईक जन्मभर.

त्या घरांच्या जोरावर तू मला पालघरला आणलंस. तिथून माहीम गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची ती खोली, समोर चूल, मागे तुझ्या मासळीच्या पाट्या. सगळ्या खोलीला बोंबलाचा वास, माझ्या दप्तराला वास, माझ्या वेण्यांना वास. वर्गातल्या मुली बाक बदलून बसायच्या आणि मी घरी येऊन तुझ्यावर डाफरायची. मॅट्रिक झाले तेव्हा तू स्टेशनसमोरच्या दुकानात मला घेऊन गेलीस. काचेखाली पेनं मांडली होती. दुकानदार निब कसं, रंग कसा सांगायला लागला, तर तू त्याला मध्येच थांबवून विचारलंस, "गळत नाय ना? पोरीचं काम सफेत हाय." अजून मी नोकरीलाही लागले नव्हते, आणि तू माझं काम कुठल्या रंगाचं असणार ते ठरवूनही टाकलं होतंस.

मग तारापूरला समुद्राकाठी वीजघराचं काम निघालं आणि बोईसर बघता बघता बदललं. रेल्वेच्या रुळांपलीकडे रोज नवी झोपडी उठायची. दुष्काळी मुलखातून माणसं आली, सोलापूरकडची, बीडकडची, खानदेशातली. काही हिंदी बोलणारी, काही काय बोलायची ते आपल्याला कळायचंच नाही. चटया, पत्रे, सिमेंटची फाटकी पोती. पाऊसपाण्यात गुडघाभर चिखल आणि सगळ्या वस्तीला एक विहीर. आमची कचेरी त्या लोकांना कुंभवलीच्या माळावर नव्या खोल्यांत हलवायसाठी उघडली होती आणि मला तिथं तात्पुरती कारकून म्हणून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता, आये. हे मला स्पष्ट लिहायचंय, कारण तू त्याला शेवटपर्यंत शिव्या दिल्यास. त्याला मनापासून वाटायचं की सरळ रस्ता, नळ, पक्कं छप्पर दिलं की माणूस गरिबीतून निम्मा बाहेर येतो. मलाही वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. पाण्याचा नळ ही काही थट्टा नव्हे.

तू मात्र त्या वस्तीत माझ्याआधी पोचली होतीस. गाडीनं बोईसरला उतरून पाटी घेऊन तिथं शिरायचीस, सुकी करदी आणि जवळा द्यायचीस, आणि घरी येऊन मला सांगायचीस की कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा नवरा पळाला. मी दिवसभर त्याच लोकांच्या घरी जाऊन नाव, वय, गाव, माणसं किती असं लिहून घ्यायची. आपण दोघी रात्री एकाच चुलीपाशी जेवायचो आणि एकाच वस्तीबद्दल बोलायचो, पण ती दोन वेगळी गावं वाटावीत. माझ्या वहीत होती ती माणसं, आणि तुझ्या तोंडी होतं ते कोण कुणाच्या जिवावर जगतंय.

त्यातल्या दोघी तुझ्या लाडक्या. एक तरुण, सोलापूरच्या बाजूची, नवरा दुसऱ्या कामावर जातो म्हणून गेला तो परतलाच नाही, कडेवर दीड वर्षाची मुलगी. दुसरी तिच्या शेजारच्या झोपडीतली म्हातारी. तिचा मुलगा मासवणच्या बाजूला खडी फोडायला जायचा तो आठवड्यानं यायचा. म्हातारीला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. तरुणीनं दोन्ही झोपड्यांच्या दारांमध्ये कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. ती दोरी धरून म्हातारी सकाळी तिच्या दारात यायची, पोरीला घेऊन बसायची, आणि तरुणी कामाला जायची. जाण्याआधी म्हातारीचा हंडा भरून ठेवायची. एवढाच त्यांचा संसार. तुला ते फार आवडायचं. तू त्या तरुणीला आपली जुनी पाटी दिलीस, पाटीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ कशी वळायची ते शिकवलंस, आणि एक दिवस घरी येऊन सहज म्हणालीस, "वाणगावकडची माझी सात घरं दिली तिला." मी विचारलं, कुणाला विचारून? तू म्हणालीस, "मला दिली तवा कोणी कोणाला विचारलेलं?"

खोल्या तयार झाल्या. कुणाला कुठली, यावरून भांडणं होऊ नयेत, वशिलेबाजी झाली असं कुणी म्हणू नये, म्हणून चिठ्ठ्या काढायचं ठरलं. ती कल्पना माझी होती आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. घासूनपुसून स्वच्छ केलेल्या घमेल्यात चिठ्ठ्या टाकल्या, एकेकानं येऊन उचलल्या, आणि मी वहीत नावापुढे खोलीचा आकडा लिहीत गेले. तू घेऊन दिलेल्या पेनानं. अक्षर असं लागलं होतं त्या दिवशी! दुपारी साहेबांनी पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "एकही खाडाखोड नाही. वर पाठवायला अशीच वही हवी. तुमचं कायमचं बघू आपण." ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

घरी तू चुलीपुढे बसली होतीस. मी वही दाखवायला आणली होती. तू आधी राखेनं हात घासलेस, मग चिंचेनं, मग हुंगून पाहिलेस, आणि तरी पानाला हात लावला नाहीस, नुसतं वाकून बघितलंस. "मुंग्यांची रांग जशी," म्हणालीस. मग विचारलंस, "त्या दोघींना कुठं दिलंस?" मी सांगितलं. तरुणीला पहिली रांग, नळाजवळ. म्हातारीला शेवटची, रस्त्यासाठी मुरूम काढून जी खाण पडली होती तिच्या अंगाला. तुझा चेहरा उतरला. "बाजूबाजूला नाय?" मी म्हटलं, चिठ्ठीत निघेल ते. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं कोणी वेडी पोर घरात आहे. "शेजार काय चिठ्ठीवर काढतात गो? नवरासुद्धा आमी बघून देतो."

मी चिडले. तुला काय कळतं, हा न्याय आहे, सगळ्यांना सारखा. तू आवाज चढवला नाहीस. ताटात भात वाढलास आणि म्हणालीस, "सारका हाय तर मग ती म्हातारी आंधळी आणि तू डोळस का?" आणि मग पुढे, अगदी हळू, "बदलून दे ना. तुझ्या हातानं लिवलंस, तुझ्या हातानं बदल." मी म्हटलं, माझ्या हातात नाही. साहेबांच्या हातात आहे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. चिठ्ठ्या निघाल्या त्याच संध्याकाळी साहेबांनी मला सांगितलं होतं, की ज्यांना आपापसांत खोल्या बदलायच्या असतील त्यांना आठ दिवसांची मुदत द्या. दोघांचे अंगठे घ्या, जुना आकडा खोडून नवा लिहा, बाजूला सही करा. आणि लोकांना कळवा. मी कळवलं. सुंदर अक्षरात एक कागद लिहिला आणि कचेरीच्या दाराला चिकटवला. त्या वस्तीत वाचता येणारी माणसं किती होती ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, मीच घरोघर जाऊन 'निरक्षर' असं लिहून आले होते. तोंडानं मी कुणालाही सांगितलं नाही. एकीला सांगितलं तर पन्नास जणी येतील, सगळ्या वहीची चाळण होईल, आणि वर जाणारी ती वही माझी असेल. इतकंच होतं मनात. एवढंसं, क्षुल्लक. वाईट करावं असं काही नव्हतं, फक्त वही स्वच्छ राहावी.

आणि तू आलीस. तिसऱ्या का चौथ्या दिवशी, दुपारची, डोक्यावर पाटी, बरोबर ती तरुणी आणि तिचा पदर धरून म्हातारी. त्या दोघी बाहेर उन्हात थांबल्या. तू दाराशी आलीस आणि आत दुसरे कारकून बसले होते, त्यांनी नाकाला रुमाल लावला, ते मी पाहिलं. मी चटकन उठून दारातच आले, तू आत येऊ नयेस म्हणून. तू दारावरच्या कागदाकडे पाहत होतीस. ओळखलंस. "तुझं अक्षर हाय ना हे? काय लिवलंस?" तो कागद तुझ्या नाकासमोर होता, आये. तू मागत होतीस तेच त्यात लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "नियम आहेत. पाणी कधी येणार, कचरा कुठं टाकायचा." तू मान हलवलीस. तरुणी मागून म्हणाली, "ताई, काय व्हत असलं तर बगा की. म्हातारीला माज्याबिगर कोन हाय?" मी म्हटलं, साहेब ऐकत नाहीत. तू वळलीस आणि तिला समजावू लागलीस, "माझ्या पोरीच्या हाती काय नाय गो. असतं तर तिनं कवाच केलं असतं." मग जाता जाता त्या कागदाच्या एका सुटलेल्या कोपऱ्यावर तू अंगठा दाबलास, तो नीट चिकटावा म्हणून.

सगळे माळावर राहायला गेले. दृश्य छान होतं, खोटं कशाला बोलू. चुना लावलेल्या रांगा, एकसारखी हिरवी दारं, नळाला पाणी आलं तेव्हा बायकांनी हळदकुंकू वाहिलं. तरुणी रोज पहाटे म्हातारीचा हंडा भरून तिच्याकडे न्यायची, एका कडेवर पोर, दुसऱ्या कडेवर हंडा, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, मग पोर तिथं ठेवून उलटं येऊन पाटी उचलायची. जमत होतं. ओढूनताणून का होईना, दीड-दोन महिने जमलं. मी तुला म्हणालेही, बघ, अडलं का काही?

श्रावणात एक दिवस पोरीला ताप भरला, म्हणून तरुणी घरीच राहिली. निरोप कुणाबरोबर धाडणार? शेजारचे सगळे नवे, ज्याची त्याची चिठ्ठी. इकडे म्हातारी वाट पाहून पाहून घाबरली आणि त्यांना शोधायला निघाली. जुन्या जागी दोरी होती, कडुनिंब होता, विहिरीचा आवाज होता. इथं सगळी दारं एका मापाची, भिंती सगळ्या सारख्या. हातानं चाचपत ती चालत राहिली ती उलट्या बाजूला. खाण पावसानं काठोकाठ भरलेली होती. दुपारी गुरं घेऊन आलेल्या माणसाला तिचं लुगडं दिसलं.

मी कचेरीतून धावत गेले तेव्हा तू तिथं आधीच होतीस. तरुणी जमिनीवर बसून एकच म्हणत होती, "म्या दोरी बांदायला पायजे व्हती. म्या दोरी बांदायला पायजे व्हती." पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत दोरी! कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणालं आणि तू त्या माणसाच्या अंगावर धावून गेलीस. "माझ्या पोरीला बोलायचं काम नाय! तिच्या हाती काय नव्हतं! साहेबाला विचार!" सगळ्या माळानं ऐकलं. मी तुझ्या मागे उभी होते आणि गप्प राहिले. त्या दिवशी मी बोलले असते तर म्हातारी परत आली नसती, हे खरंच आहे. पण तू तरी खोटी पडली नसतीस.

पंधरवड्यानं सकाळी आपल्या दारात पाटी पालथी घातलेली होती, घासून धुतलेली, चुंबळ वर ठेवलेली. तरुणी उभी होती, पोर कडेवर, बोचकं खांद्याला. पोर ठेवायला कुणी नाही, फेरी होत नाही, गावच्या एका बाईबरोबर पुण्याकडे कामाला जाते म्हणाली. "मावशे, तुजी सात घरं तुला परत." तू पुष्कळ विनवलंस. पोरीला मी सांभाळते, इथंच राहा, म्हणालीस. ती म्हणाली, "न्हाई मावशे, तितली दारं बगवत न्हाईत." ती सात घरं तू परत घेतली नाहीस. वाणगावकडे पुन्हा कधी पाटी नेली नाहीस, आपल्यालाच ओढाताण होती तरी. म्हातारीचा मुलगाही खोली सोडून मासवणलाच राहायला गेला होता. मी कचेरीत जाऊन वहीत दोन आकड्यांपुढे 'रिकामी' असं लिहिलं. त्यासाठी शेऱ्याचा वेगळा रकाना होता, म्हणून काही खोडावं लागलं नाही. दिवाळीच्या सुमाराला मला कायम केलं. तू देवापुढे साखर ठेवलीस आणि रडलीस, आणि मला वाटलं आता तुला कळलंय. कळलं नव्हतं. तू आनंदानं रडत होतीस.

सगळी नोकरी मी असल्याच कामात काढली. पुढे पुढे आम्हाला शिकवायला लांबून माणसं यायची, पडद्यावर चित्रं दाखवायची. एकानं सांगितलं, गरिबांची वस्ती हलवताना आधी त्यांना विचारा, शेजार मोडू नका, शेजार हीच त्यांची पुंजी असते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर जाऊन हात धुतले, का ते ठाऊक नाही, आणि बराच वेळ धूतच राहिले. त्यानंतर मी ज्या ज्या वस्तीत काम केलं तिथं चिठ्ठ्या काढू दिल्या नाहीत. कोण कुणाशेजारी राहणार ते आधी बायकांना विचारलं, आणि प्रत्येक कागद मी उन्हात उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवला, घसा बसेपर्यंत. माझ्या वह्या बघण्यासारख्या राहिल्या नाहीत. नव्या साहेबांनी एकदा विचारलंही, बाई, तुमचं अक्षर एवढं चांगलं आणि ही काय दशा?

तुझ्या शेवटच्या आजारात, पालघरच्या दवाखान्यात, मी ठरवून आले होते की आज सांगायचं. तू खिडकीकडे तोंड करून पडली होतीस. नर्स आली तर तू तिला माझी ओळख करून दिलीस: "माझी पोरगी. सरकारात हाय. गरिबाचं काम करते. कुणाला कवा फसवलं नाय तिनं." मी तुझ्या पायांना तेल चोळत राहिले. दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस.

हे पत्र कुठं टाकणार? दातिवऱ्याच्या समुद्रात सोडावं असं क्षणभर वाटलं, पण तसले चाळे तुला आवडले नसते. कपाटात ठेवीन, त्या पेनाशेजारी. पेन आता गळतं, म्हणून हे साध्या पेनानं लिहिलंय. शेवटी वरून एकदा वाचून पाहिलं. कागद कुणी वाचला नाही, असं एका ठिकाणी लिहून गेले होते. इतक्या वर्षांनी पुन्हा अंग काढून घेतलं, तेही तुला वाचता न येणाऱ्या पत्रात. ते खोडलं आणि वर लिहिलं, 'तोंडानं मी कुणालाही सांगितलं नाही.' तेवढी एकच खाडाखोड आहे, आये. ती आठ दिवसांच्या आत करायची होती.